स्क्रिप्ट डोक्यात आहे!

मंडळी, आपल्या हॉस्टेलवर सध्या दर तिसऱ्या रूममध्ये एक डिरेक्टर राहतो. उरलेल्या दोन रूममध्ये त्याचा कॅमेरामन आणि त्याचा हिरो राहतात. गॅदरिंग जवळ आलं की रात्री अकरानंतर कॉरिडॉरमधून "लाईट धर रे!", "ए, फ्रेममधून हट!" अशा आरोळ्या ऐकू यायला लागतात. कोणाची शॉर्टफिल्म, कोणाची डिपार्टमेंटची डॉक्युमेंटरी, कोणाचा फेअरवेलचा व्हिडिओ. यात वाईट काही नाही. उलट चार वर्षं नुसती सबमिशनं लिहिण्यापेक्षा हे कितीतरी बरं. पण या डिरेक्टर मंडळींना एकदा एवढंच विचारून बघा, "स्क्रिप्ट कुठाय?" बहुतेक जण कपाळाला बोट लावून म्हणतील, "डोक्यात आहे."

माझं मत सरळ सांगतो. डोक्यातली स्क्रिप्ट ही स्क्रिप्ट नव्हेच. ती उधारी आहे, आणि ती फेडतात दुसरेच लोक.

गंमत बघा, आपण इंजिनिअरिंगवाले. फर्स्ट इयरला वर्कशॉपमध्ये माइल्ड स्टीलचा तुकडा हातात येण्याआधी जर्नलमध्ये जॉबचं स्केच काढावं लागतं. मापं, टूल्सची यादी, ऑपरेशन्सचा क्रम. ते आपण मागच्या वर्षीच्या जर्नलवरून डोळे झाकून उतरवतो हा भाग वेगळा, पण त्यामागचं कारण सगळ्यांना पटलेलं असतं. हॅकसॉने पाच मिलिमीटर जास्त कापलं तर तो तुकडा परत चिकटत नाही. कागदावरची रेघ मात्र खोडरबराने जाते. स्क्रिप्ट म्हणजे ड्रॉइंग आणि शॉट-लिस्ट म्हणजे प्रोसेस शीट, इतकं हे साधं आहे. जो पोरगा ड्रॉइंगशिवाय लेथ सुरू करणाऱ्याला वेडा म्हणेल, तोच पोरगा वीस जणांना गोळा करून त्यांच्यासमोर डोकं खाजवत विचार करतो, "हं... आता काय घ्यायचं बरं?"

हे झालं मोबाईलमुळे. पूर्वी फिल्म महाग होती, बाहेरून यायची, आणि फुटाच्या हिशेबात वापरावी लागायची. त्यामुळे माणसं विचार करून कॅमेरा फिरवत. दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'ला हात घालण्याआधी कुंडीतल्या वाटाण्याचं रोप कसं वाढतं ते रोज थोडं थोडं टिपलं होतं. भांडवल घालणाऱ्यांना दाखवण्यासाठी. म्हणजे आधी ठरवलं, मग दिवसच्या दिवस वाट बघितली. आपल्याकडे काय, बोट टेकवलं की रेकॉर्डिंग सुरू. आवडलं नाही तर डिलीट. फुकटात.

पण चित्रण फुकट झालं म्हणजे शूटिंग फुकट झालं असं नव्हे. मेमरी कार्डावरचा वेळ पुसता येतो. कॅमेऱ्यासमोर उभ्या असलेल्या माणसाचा वेळ कसा पुसणार?

दोन वर्षांपूर्वीची एक फिल्म. कोणाची ते सांगत नाही, ती टीम पास होऊन बाहेर पडली. त्यात एक मोर्चाचा सीन होता. फर्स्ट इयरच्या चाळीस मुलांना दुपारी तीनला ग्राउंडवर बोलावलं. ज्युनियर्सच ते, बिचारे पावणेतीनला हजर. डिरेक्टरसाहेब चारला आले. बोर्डांवर काय लिहायचं ते ठरलेलं नव्हतं, म्हणून तिथेच मांडी घालून घोषणा तयार झाल्या. मग स्केचपेन आणायला एक जण गावात गेला. पाचला पहिला शॉट. मग कळलं की सूर्य समोरून येतोय आणि सगळ्यांचे डोळे बारीक झालेत. दिशा बदलली. दिशा बदलल्यावर मागे नवीन बिल्डिंगची परांची दिसायला लागली. सव्वासहाला अंधारून आलं आणि "बाकीचं उद्या" म्हणून पॅकअप. त्या चाळीसपैकी दुसऱ्या दिवशी अकरा आले. त्यांचं काय चुकलं? दुसऱ्या दिवशी त्यांची ओरल होती. फिल्ममध्ये तो मोर्चा तीन-चार सेकंद दिसतो. म्हणजे चाळीस पोरांची प्रत्येकी सव्वातीन तासांची दुपार, हिशेब तुम्हीच करा.

आता दुसरी गोष्ट, जी मला जास्त खुपते. आपल्या फिल्म्समध्ये मुली का नसतात? विचारलं तर उत्तर ठरलेलं, "त्या येतच नाहीत यार." का येत नाहीत? मुलींच्या हॉस्टेलचं गेट साडेआठला बंद होतं. (ते तसं असावं का आणि मुलांना तो नियम का नाही, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे आणि तो एखाद्या मुलीने लिहिलेला वाचायला मला आवडेल.) आपलं शूटिंग 'संध्याकाळी' ठरतं आणि आपली संध्याकाळ आठला उजाडते. पहिल्या दिवशी ती मुलगी पाचला येते, साडेसातपर्यंत बसून राहते, एक शॉट देते आणि पळते. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी ती सांगते, मला जमणार नाही. मग डिरेक्टर हिरोईनचा रोलच कापतो, किंवा एखाद्या गोऱ्यागोमट्या मित्राला ओढणी देऊन कॉमेडी करतो. टाळ्याही पडतात. अहो, १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामतीचं काम अण्णा साळुंखे या पुरुषाने केलं, कारण त्या काळी कोणी बाई सिनेमात काम करायला तयार होईना. फाळक्यांचा नाइलाज होता. तरी त्यांनी लगेच पुढच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई यांना पडद्यावर आणलं. आपला नाइलाज कसला? फक्त वेळापत्रक नसल्याचा.

यावर एक ठरलेलं उत्तर येतं, आणि ते फेटाळण्याआधी नीट ऐकून घ्यायला हवं. "अरे, सगळं लिहून काढलं तर त्यातली मजाच जाते. स्पॉन्टेनिटी मरते. सत्यजित राय यांनी तरी कुठे स्क्रिप्ट लिहिली होती?"

खरं आहे. 'पथेर पांचाली'साठी (१९५५) राय यांच्याकडे रीतसर बांधलेली पटकथा नव्हती. एवढंच ऐकून आमचे डिरेक्टर खूश होऊन निघून जातात. पुढचं ऐकायला थांबत नाहीत. राय यांनी दृश्यामागून दृश्य चित्रांत काढून ठेवलं होतं, सोबत टिपणं होती. ते जाहिरात कंपनीत चित्रकार होते, नोकरी सांभाळून रविवारी शूटिंग करायचे. कॅमेरामन सुब्रत मित्र विशी जेमतेम ओलांडलेले, आणि मूव्ही कॅमेरा त्यांनी त्याआधी चालवलेला नव्हता. म्हणजे अनुभवाच्या बाबतीत त्यांची टीम आपल्यापेक्षा फार पुढे होती असं नाही. त्यांच्या हातात होती ती चित्रं. पहिल्याच दिवशी अपू आणि दुर्गाचा काशफुलांच्या रानातला प्रसंग निम्मा टिपून झाला. पुढच्या रविवारी मंडळी उरलेला भाग घ्यायला गेली, तर गुरांनी फुलं खाऊन रान साफ केलेलं! पुन्हा फुलं येईपर्यंत, म्हणजे पुढच्या मोसमापर्यंत थांबावं लागलं. आता बघा, इतक्या काळानंतर तो प्रसंग जिथे सुटला तिथून पुन्हा उचलता आला, तो काय नुसत्या आठवणीवर? काय घ्यायचं राहिलंय ते ठरलेलं असल्याशिवाय असा सांधा जुळत नाही. आपल्याकडे तर लोकांना कालच्या शॉटमध्ये हिरोच्या कुठल्या हातात घड्याळ होतं ते आठवत नाही.

आणि आपल्यातलेच लोक एकांकिका करतात तेव्हा कसे वागतात? 'पुरुषोत्तम'ची (१९६३ पासून चालू असलेली स्पर्धा आहे ती) तालीम महिना महिना चालते. संहिता हातात नसेल तर कोणी तालमीला उभं राहत नाही. प्रॉपर्टीची यादी वेगळी, नेपथ्याची वेगळी. रंगमंचावर स्पॉन्टेनिटी मरत नाही, आणि कॅमेऱ्यासमोर मात्र मरते, हे कसं काय बुवा?

आता लिहायचं म्हणजे काय, तेवढं सांगतो. या सत्रात आम्ही आठ मिनिटांची एक फिल्म केली, त्यात माझ्याकडे याद्या आणि वेळापत्रकाचं काम होतं. (टीममध्ये मला 'क्लार्क' म्हणायचे. म्हणोत बापडे.) गोष्ट साधी आहे. एका मुलाचे दोन विषय राहिलेत, घरी सांगितलेलं नाही, आणि एक दिवस वडील न कळवता हॉस्टेलवर येतात.

पहिल्या ड्राफ्टमध्ये लेखकाने लिहिलं होतं, "संदीपला बॅकलॉगचं फार टेन्शन आहे." वाचायला ठीक. पण याचं शूटिंग कसं करणार? टेन्शन कुठे ठेवायचं, टेबलावर? स्क्रिप्टमध्ये फक्त दिसेल ते आणि ऐकू येईल ते लिहायचं. म्हणून ते असं झालं: "आत. रूम. सकाळ. संदीप मोबाईलवर 'बाबा' हे नाव उघडतो. बघत राहतो. कॉल लावत नाही. मोबाईल उशीखाली सरकवतो. उशीखालीच मार्कशीट आहे." तीन-चार ओळी, एकही संवाद नाही, आणि ॲक्टरला, कॅमेरामनला, प्रॉपर्टीवाल्याला आपापलं काम कळलं. सिनेमावाल्यांचा अंदाज असतो की टाईप केलेलं एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट. आपल्या हाताने लिहिलेल्या मराठीला तो हिशेब तंतोतंत लागू पडत नाही, तेव्हा सरळ घड्याळ लावून मोठ्याने वाचून बघावं. आमची 'आठ मिनिटांची' स्क्रिप्ट वाचल्यावर साडेतेरा मिनिटांची निघाली. कापाकापीचं सगळं भांडण कागदावर झालं, चहा पिता पिता, कोणालाही उन्हात उभं न करता.

स्क्रिप्ट पक्की झाल्यावर ती फोडायची. प्रत्येक सीनमध्ये कोण लागणार, काय वस्तू लागणार, जागा कुठली, उजेड कुठला. मग शॉट्स. आमचे झाले चौतीस. आधीच्या दोन शूटिंगमध्ये मी घड्याळ लावून बघितलं होतं. लाईट, तालीम, दोन-तीन टेक धरून आमच्या टीमला एका शॉटला सरासरी वीस मिनिटं लागतात. म्हणजे चौतीस शॉट्सना अकरा तास वीस मिनिटं. "एका रात्रीत उडवू" म्हणणारे सगळे त्या आकड्याकडे बघून गप्प झाले.

खरी मजा पुढे. वडिलांचं काम कोण करणार? वर्गातल्याच कोणाला पांढरी मिशी लावली की प्रेक्षक पहिल्या शॉटला हसतात. म्हणून आम्ही वर्कशॉपमधल्या मामांना विचारलं. दोन दिवस विचार करून ते हो म्हणाले, पण त्यांना मोकळा वेळ शनिवारी दुपारी दोन ते पाच. पाचनंतर त्यांची एस.टी. असते. तीन तास, एक मिनिट जास्त नाही. मामांचे शॉट्स नऊ. नऊ गुणिले वीस, बरोबर एकशे ऐंशी मिनिटं. म्हणजे फ्लोट शून्य. पर्ट आणि सीपीएम आपण थिअरीच्या पेपरात मार्कांसाठी घोकतो. अमेरिकन नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्रांसाठी १९५८ च्या सुमारास पर्ट निघालं, एवढं लिहिलं की एक मार्क खिशात. पण क्रिटिकल पाथ म्हणजे नक्की काय, ते मला मामांच्या एस.टी.मुळे कळलं.

अडचणी एवढ्यावर संपत नव्हत्या. मेसच्या सीनमध्ये वडील आणि मुलगा जेवतात आणि मावशी वाढतात. मेसमधली मंडळी पहाटेपासून उभी असतात. त्यांना पाठ टेकायला दुपारी तीन ते साडेचार एवढाच वेळ. म्हणजे तेव्हा मेस नाही. रूममधल्या शेवटच्या सीनला खिडकीतून आत येणारं ऊन हवं होतं, आणि आमची खिडकी पश्चिमेची, ऊन चारनंतर. सूर्य तासाला पंधरा अंश सरकतो, तो काही डिरेक्टरच्या मूडसाठी थांबत नाही. आणि गेटवरच्या सीनमध्ये वडिलांना वर्गातली मुलगी भेटते, तेव्हा तीही त्याच वेळात हवी.

शेवटी जमलं ते असं. मेसच्या चार शॉट्सचे दोन केले, मामांचे एकूण सात राहिले. दोन ते दोन-चाळीस मेस, जेवणं नुकतीच आटोपलेली, ताटं आणि वाफ खरीच. मग दहा मिनिटं सामान हलवायला. दोन-पन्नास ते तीन-पन्नास गेट, तीन शॉट. वीस मिनिटं चहा आणि तीन जिने चढायला. चार-दहा ते चार-पन्नास रूम, दोन शॉट. पाचला दहा कमी असताना मामा मोकळे. सगळं मिळून चाळीस मिनिटांची सैल जागा. मुलीचा लायब्ररीतला सीन रविवारी सकाळी आठ ते दहा, लायब्ररीयन सरांना आधी लिहून देऊन. बाकीचं आमचं आमचं, रविवारी दिवसभर.

गोष्टीत गेट आधी आणि मेस नंतर, पण शूटिंगमध्ये उलटं. यालाच लोक घाबरतात, आणि म्हणूनच कंटिन्युइटीची यादी लागते. मेसमध्ये वडिलांनी तोंड धुतलेलं, केस ओले. नंतर घ्यायच्या गेटच्या शॉटमध्ये ते प्रवासाने धुळकटलेले. म्हणून यादीत लिहिलं होतं: "मेस संपल्यावर टॉवेल, मग उन्हात पाच मिनिटं." पिशवी निळी, एक बंद तुटलेला, डाव्या खांद्याला. प्रत्येक सीननंतर मोबाईलवर एक फोटो. फार काही नाही, पण हे न केल्याने काय होतं ते ऐका. गेल्या वर्षीच्या एका फिल्मचा हिरो निम्मं शूटिंग झाल्यावर कॅम्पस इंटरव्ह्यूसाठी गुळगुळीत दाढी करून आला. फिल्ममध्ये तो जिना चढताना देवदास आहे आणि वर पोचेपर्यंत एच.आर. मॅनेजर!

तांत्रिक गोष्टींत फार शिरत नाही, पण दोन आपल्या लायकीच्या सांगतो. एक, ट्यूबलाइटखाली शूटिंग केलं की पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसतात. आपली वीज पन्नास हर्ट्झची, चोकवाली ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. मोबाईलचा शटर ऑटोवर सोडला तर तो या ठेक्यात बसतोच असं नाही. शटर १/५० किंवा १/१०० वर पक्का करा, पट्टे बहुतेक जातात. हे शूटिंगच्या आदल्या दिवशी त्याच रूममध्ये, त्याच वेळी करून बघायचं असतं. दोन, आवाज. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने उतरतो, हे आपण शिकलोय. तरी माइक कॅमेऱ्यापाशी आणि ॲक्टर दहा फुटांवर. साधा इअरफोनचा माइक शर्टाच्या आत लपवून दुसऱ्या मोबाईलवर रेकॉर्ड करा. सुरुवातीला एक टाळी वाजवा, एडिटिंगला आवाज जुळवायला ती पुरते. पंखा बंद. आणि प्रत्येक जागी तीस सेकंद कोणीही न बोलता नुसती शांतता रेकॉर्ड करा. हॉस्टेलवर तीस सेकंद शांतता मिळवणं हेच सगळ्यात अवघड, त्यासाठीही वेळापत्रकात जागा ठेवावी लागते.

आता स्पॉन्टेनिटीचं. शेवटच्या सीनमध्ये वडील मुलाच्या कॉटवर बसतात आणि काही बोलत नाहीत, एवढंच लिहिलं होतं. टेक चालू असताना मामा उठले, दोरीवरचा मुलाचा टॉवेल काढला, घडी घातली आणि उशीवर ठेवला. त्याच उशीखाली मार्कशीट आहे हे मामांना माहीत होतं, कारण त्यांनी स्क्रिप्ट दोनदा वाचली होती. डिरेक्टर 'कट' म्हणायचं विसरला. घड्याळात चार-बेचाळीस झाले होते, ऊन खिडकीत होतं, हातात वेळ होता. म्हणून तेच पुन्हा जवळून घेता आलं. कागदावर नसलेली ही गोष्ट फिल्ममधली सगळ्यात चांगली गोष्ट आहे. ती सुचली मामांना, पण घेता आली सैल ठेवलेल्या त्या मिनिटांमुळे. पाच वाजून गेलेले असते आणि आम्ही मेसच्या तिसऱ्या शॉटवर भांडत असतो, तर मामा टॉवेलकडे बघतसुद्धा नव्हते, एस.टी.कडे बघत होते.

स्क्रिप्ट लिहिली की ती दाखवता येते, हा तिचा अजून एक उपयोग आहे आणि याबद्दल आपल्याकडे कोणी बोलत नाही. डोक्यातली स्क्रिप्ट कोणाला दाखवणार? आमच्या पहिल्या ड्राफ्टमध्ये मेसच्या मावशी म्हणजे विनोदी पात्र होतं. चपात्या मोजतात, खेकसतात, वडिलांसमोर मुलाचा पाणउतारा करतात. हॉस्टेलच्या सगळ्या फिल्म्समध्ये मेसच्या मावशी अशाच असतात, हशा हमखास. शूटिंगच्या चार दिवस आधी आमच्या टीमने तो सीन मावशींना वाचून दाखवला. त्या हसल्या. मग भांडं पुसता पुसता म्हणाल्या, "मी कशाला मोजतेय रे चपात्या. मला मोजायला सांगतात. रात्री वही दाखवावी लागते." आणि मग, "घ्या तुमचं काय ते. फक्त हा ॲप्रन नको, माझी दुसरी साडी आहे."

सीन त्या रात्री बदलला. आता मावशी वडिलांच्या ताटात चौथी चपाती वाढतात आणि वहीत तीनच लिहितात. एवढंच. हशा गेला, पण हॉलमध्ये तो शॉट आला तेव्हा मागच्या रांगेतली शिट्ट्या मारणारी गँगसुद्धा गप्प होती. हे स्क्रिप्ट न लिहिता झालं असतं का? नाही. मावशींना ऐन वेळी पकडून "जरा ओरडा ना" म्हटलं असतं, त्या बिचाऱ्या ओरडल्या असत्या, आणि गॅदरिंगला सगळ्या कॉलेजसमोर स्वतःला तसं बघत बसल्या असत्या. मोबाईल काढून कोणाचंही काहीही शूट करायचं आणि 'प्रँक' म्हणून ग्रुपवर टाकायचं, ही जी सवय आपल्याला लागली आहे तिचं मूळ इथेच आहे असं मला वाटतं. आधी लिहायचं म्हटलं की निदान एवढा प्रश्न पडतो की आपण हसतोय कोणावर.

डॉक्युमेंटरीवाले म्हणतील, आमचं आधी लिहिताच येत नाही, समोर घडेल ते घ्यायचं. संवाद लिहू नका की! पण कोणाला भेटायचं, काय विचारायचं, टेकफेस्टच्या उद्घाटनाला दिवा कुठल्या बाजूने लावणार आणि आपला कॅमेरा कुठे असणार, हे तर लिहाल? पाहुणे दिवा दोनदा लावत नाहीत. गेल्या खेपेला लावायला लावला होता, ते सरांच्या चेहऱ्यावर अजून दिसतं.

आता मागणी. ती कल्चरल कमिटीकडे आणि रेक्टर सरांकडेही आहे. कॉलेजचा कॅमेरा, ट्रायपॉड किंवा हॉल देण्याआधी एक पान मागा. त्यावर एवढंच असावं: कुठे, किती ते किती, कोणकोण लागणार, त्यातल्या प्रत्येकाला किती वाजता बोलावलंय आणि किती वाजता सोडणार, आणि ज्यांचं चित्रण होणार त्यांना विचारलंय का. गोष्ट काय आहे ते विचारू नका. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण कागद म्हटला की कोणाला तरी त्यावर 'आक्षेपार्ह' असा शेरा मारायची हुक्की येते. मजकुराला मंजुरी नको आणि तीन सह्याही नकोत. एकीसाठीच आपण आठवडा घालवतो. आणि सर, परवानगी शूटिंगच्या दिवशी संध्याकाळी सहाला मिळाली तर आमचं वेळापत्रक कितीही चांगलं असलं तरी ते रद्दीत जातं, हेही नम्रपणे लक्षात आणून देतो. अर्ज तीन दिवस आधी आम्ही देऊ, उत्तर दोन दिवस आधी तुम्ही द्या.

ते पान कॉमन रूमच्या बोर्डावर लावावं. ज्याचं नाव त्यावर आहे त्याने वेळ जमत नसेल तर तिथेच खोडून दुसरी लिहावी, फर्स्ट इयरचा असला तरी. मुलींच्या हॉस्टेलच्या बोर्डावरही एक प्रत जावी. आमच्या फिल्मचं पान अजून तिथे आहे, बघायचं असेल तर बघा. मामांनी स्वतःच्या हाताने 'पाच वाजता सुट्टी' खाली दोन रेघा मारल्यात. बोर्डाला पिना नव्हत्या, त्या मी आणून ठेवल्या आहेत. दोऱ्याने बांधलेलं पेन मात्र कृपया कोणी ढापू नये, ओरलच्या सीझनला ते दोनदा गेलं आहे.